‘जाणीवपूर्वक’ या शब्दावर सही करायची नाही

पत्र:

मावशी, आम्ही दिघ्याला राहतो. बाबा 2019 ला गेले. आई ऐरोलीत तीन घरी पोळ्या करते, महिन्याला साधारण 6,000 रुपये सुटतात. 2021 पासून तिला संजय गांधी निराधारचे पैसे येतात. जुलै 2024 मध्ये आमच्या गल्लीत लाडकी बहीणच्या फॉर्मसाठी टेबल लावलं होतं. आईचा फॉर्म मीच मोबाईलवर भरला. ‘इतर योजनेचा लाभ घेता का’ असा प्रश्न आला तेव्हा टेबलावरच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्याच बायकांना मिळणार आहे, ‘नाही’ कर. मी केलं. मार्च 2025 पर्यंत दोन्हीकडचे पैसे एकाच खात्यात येत होते, मग लाडकी बहीणचे बंद झाले. आता नोटीस आली आहे की दुहेरी लाभ घेऊन शासनाची फसवणूक केली, 7 दिवसांत खुलासा द्या, 27,000 रुपये भरा, नाहीतर फौजदारी कारवाई. तक्रार शेजारच्याच काकूंनी केली असं कळलं. एक गृहस्थ म्हणतात, 5,000 द्या, मिटवून टाकतो. निराधारच्या वेळी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर 21,000 लिहिलंय, तेही निघेल का? आई चार दिवस कामाला गेलेली नाही. चूक माझी आहे. पोलीस आईला नेतील का?
— टी. वाय.ला असलेली एक मुलगी

बाळा,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला चार ओळी पाठवल्या होत्या, कारण नोटिशीचे सात दिवस सदराच्या वारासाठी थांबत नाहीत. इथे सगळं नीट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील तुला विचारून बदलले आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या प्रश्नामुळे तुमच्या घरात कोणी झोपलेलं नाही. तुमच्या हातात आहे ती खुलासा मागणारी नोटीस. तो एफआयआर नाही. उद्या कोणी गुन्हा नोंदवलाच तर तो फसवणुकीचा असेल, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, ज्याला लोक अजून ‘चारशेवीस’ म्हणतात. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठून कोणाला अटक करायची नसते. अटकेची गरज काय हे पोलिसांना कागदावर मांडावं लागतं, आणि गरज नसेल तर नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादाची वेळ आली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. हे आईला वाचून दाखव. रात्री दार वाजेल म्हणून ती जागी बसली असेल तर तिला आजच हे कळायला हवं.

आता मुद्द्यावर येते. जास्तीचे पैसे मिळणं ही एक गोष्ट आणि फसवणूक ही दुसरी. नोटिशीत दोन्ही एका वाक्यात कोंबल्या आहेत आणि तूही पत्रात तसंच केलं आहेस. जास्तीचे पैसे आलेत का, हा हिशेबाचा प्रश्न, तो पासबुक सोडवतं. फसवणुकीत प्रश्न हेतूचा असतो. पैसे घेतानाच, अगदी सुरुवातीपासून, लबाडीचा हेतू होता हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे एकदा नाही, अनेकदा सांगितलं आहे. तेव्हा आपणही दोन्हीची उत्तरं वेगवेगळी द्यायची.

पहिला हिशेब. तुझ्या पत्रातला 27,000 चा आकडा मी वहीत मांडून बघितला. लाडकी बहीणचे हप्ते जुलै 2024 ते मार्च 2025, म्हणजे नऊ. नऊ गुणिले 1,500 म्हणजे 13,500. मग 27,000 आले कुठून? नऊ गुणिले 3,000. कोणीतरी दोन्ही योजनांची रक्कम एकत्र करून वसुलीला लावलेली दिसते. पण दुहेरी लाभ झाला म्हणून दोन्ही लाभ चुकीचे ठरत नाहीत. निराधारचं अनुदान 2021 पासून मंजूर आहे, जुलै 2023 पासून ते 1,500 रुपये झालं. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळणार नाही, ही अट लाडकी बहीण योजनेची आहे. म्हणजे जास्तीचे झाले तर ते तिचे 13,500. नोटीस ‘दुहेरी लाभा’साठी असेल तर निराधारच्या पैशाला तिने हात लावायचं कारण नाही.

पासबुक भरून आण आणि एकेक ओळ बघ. हप्ते महिन्याला एक असे आलेले नाहीत. जुलै-ऑगस्टचे 3,000 ऑगस्टमध्ये एकदम आले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही एकत्रच. नोंदी मोजल्यास तर आकडा चुकेल, रक्कम मोज. पेन्सिलीने प्रत्येक नोंदीपुढे ‘नि’ किंवा ‘ला’ लिही आणि त्या पानांची झेरॉक्स काढ. मूळ पासबुक कोणाच्याही हातात द्यायचं नाही.

या 13,500 चेही दोन भाग आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिलांना अपात्र ठरवल्याचं जाहीर केलं होतं. त्यातल्या 2 लाख 30 हजार बायका संजय गांधी निराधारच्याच होत्या. जुलै ते डिसेंबर 2024 या सहा महिन्यांत जमा झालेली रक्कम परत घेणार नाही, असंही तेव्हा सांगितलं गेलं. सहा महिन्यांचे 9,000. म्हणजे खरा वाद उरतो जानेवारी ते मार्चच्या 4,500 चा. घोषणा म्हणजे शासन निर्णय नव्हे हे मला कळतं. पण शासनाच्याच मंत्र्यांनी जाहीर केलेली भूमिका तुझ्या खुलाशात लिहायची आणि ‘याबाबत आपले लेखी म्हणणे कळवावे’ असं विचारायचं. 27,000 ऐकून आई गळ्यातलं विकायचं म्हणत असेल तर तिला थांबव.

एक सांगते. तुझ्या आईसारख्या 2 लाख 30 हजार बायका, आणि सगळ्यांनी मिळून सरकारला फसवायचं ठरवलं होतं? तसं घडलेलं नाही. लाडकी बहीण महिला व बालविकास खात्याची. निराधार सामाजिक न्याय खात्याची, तिचं काम तहसीलमधून चालतं. जून 2024 च्या अखेरीस शासन निर्णय निघाला आणि ऑगस्टमध्ये पैसे पडायला लागले. दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे गेले आणि दोन खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून बघण्याचं काम नंतर झालं. ते आधी झालं असतं तर तुमच्या घरी ही नोटीस आली नसती.

आता आरोपाकडे. ‘नाही’ वर टिक तू केलंस आणि हमीपत्र आईच्या नावाचं आहे. हे नाकारायचं नाही. ‘फॉर्म कोणी भरला माहीत नाही’ असं सांगायचा सल्ला तुला कोणीतरी देईल, तो ऐकू नकोस. तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस: दोन्हीचे पैसे एकाच खात्यात. एकच आधार, एकच नाव, एकच बँक खातं. ज्याला लपवायचं असतं तो असं करत नाही. सरकारला एका आधार क्रमांकावर दोन्ही नोंदी दिसत होत्या आणि त्या तुम्हीच दिल्या होत्या. हे ठळक लिही. फॉर्म कुठे, कधी भरला, शंका आली तेव्हा तू कोणाला विचारलंस, काय उत्तर मिळालं, तेही लिही. वीस वर्षांची मुलगी समोरच्या माणसाला विचारून फॉर्म भरते, ती शंका मनात आल्यावरच विचारते. लबाडी करणारा विचारत बसत नाही.

माझ्या आत्याचं सांगते, म्हणजे मी या गोष्टीवर इतकी का अडून बसते ते कळेल. तिला वृद्धापकाळाचं अनुदान होतं. असाच जास्तीच्या रकमेचा घोळ झाला आणि एका कार्यालयात तिला जबाबाला बोलावलं. ती एकटी गेली, चष्मा घरी राहिला. टेबलावर टाईप केलेला जबाब तयार होता. समोरच्याने वरचा कागद अर्धा दुमडून सहीची जागा बोटाने दाखवली, ‘आजी, इथे करा, की प्रकरण बंद.’ तिने केली. महिन्याने प्रत हातात आली तेव्हा मी वाचलं: ‘मी जाणीवपूर्वक माहिती लपवून लाभ घेतला.’ आत्याने हा शब्द उभ्या आयुष्यात उच्चारला नसेल. पण त्या एका शब्दासाठी आम्ही दोन वर्षं खेटे घातले. पैसे कधीच फिटले होते, तो शब्द मागे लागला होता.

म्हणून, तयार जबाबावर सही करायची नाही. ‘मला घरी नेऊन वाचायचं आहे’ एवढं म्हणायचं. आग्रह झाला तर ‘मी माझा खुलासा लेखी देणार आहे’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. कोऱ्या कागदावर तर अंगठासुद्धा नाही. आईबरोबर तू जा, तिला एकटीला पाठवू नकोस.

खुलासा साध्या कागदावर, आईच्या नावाने. मी सांगाडा देते, तुमच्या बाबतीत खरं असेल तेवढंच ठेव:

‘महोदय, आपली दि. … ची नोटीस, जावक क्र. …, मला दि. … रोजी मिळाली. मी विधवा असून संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी आहे. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा माझा अर्ज माझ्या मुलीने मोबाईलवरून भरला. इतर योजनेच्या लाभाबाबतच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मदत करणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून “नाही” असे नोंदवले गेले. अटीचा अर्थ आम्हाला तेव्हा समजला नव्हता. दोन्ही योजनांसाठी मी एकच आधार क्रमांक व एकच बँक खाते दिले आहे. काही लपवण्याचा हेतू नव्हता. पासबुकाप्रमाणे लाडकी बहीण योजनेचे एकूण 13,500 रुपये जमा झाले आहेत. 27,000 रुपयांचा हिशेब महिनावार लेखी मिळावा. डिसेंबर 2024 पर्यंतची रक्कम परत घेणार नसल्याचे मा. मंत्र्यांनी जाहीर केले होते, त्याबाबत आपले लेखी म्हणणे कळवावे. रक्कम देणे निघाल्यास माझी परिस्थिती पाहून हप्ते बांधून द्यावेत. निर्णय घेण्यापूर्वी मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

खाली सही, तारीख, सोबत पासबुकाच्या पानांच्या आणि नोटिशीच्या झेरॉक्स. दोन प्रती न्यायच्या. ज्या कार्यालयाने नोटीस काढली तिथेच, नोटिशीच्या डोक्यावर नाव असतं. तिथली बारनिशी, म्हणजे आवक टपालाचं टेबल, शोधायची. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. कोणी म्हणेल, ‘ठेवून जा, साहेबांना देतो.’ पोच मिळाल्याशिवाय हलायचं नाही. अगदीच नाही घेतलं तर पोस्टाने, पोचपावतीसह स्पीड पोस्ट. सात दिवस आता संपत आलेत, तेव्हा वकील भेटेपर्यंत थांबू नकोस. ‘सविस्तर खुलाशासाठी पंधरा दिवस द्यावेत’ असा एक अर्ज आधी देऊन पोच घे. ज्या दिवशी नोटीस हातात पडली ती तारीख पाकिटावर लिही आणि पाकीट जपून ठेव.

आता 21,000 च्या दाखल्याचं. ते वगळून मला पुढे जाता येत नाही. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1,750. तुझी आई पोळ्या लाटून 6,000 आणते. नवी मुंबईत दोन मुलं घेऊन राहणारी विधवा 1,750 वर जगते असं धरून हा नियम चालला आहे, आणि धुणीभांडी-पोळ्या करणाऱ्या कित्येक बायका त्यामुळे कागदावर खोट्या ठरतात. मला याचा राग येतो. तो आकडा बदलायला हवा हे मी दहा ठिकाणी बोलले आहे. पण माझ्या रागाने तुझ्या आईचा दाखला खरा होत नाही. तो काढला तेव्हा ती किती कमवत होती, अर्जात काय लिहिलं होतं, तलाठ्यासमोर जबाब झाला की एजंटाने परस्पर आणून दिला, हे तिच्याकडून शांतपणे ऐकून घे आणि वकिलाला जसंच्या तसं सांग. वकिलाशी झालेलं बोलणं तो बाहेर नेऊ शकत नाही. नोटीस फक्त दुहेरी लाभाची असेल तर खुलाशात उत्तर तेवढ्याचंच दे. पण कोणी तोंडावर उत्पन्न विचारलं तर खोटा आकडा सांगायचा नाही. 2021 मध्ये घडलं ते घडलं, आज नवीन खोटं लिहून दिलं तर ते आजचं असेल. पुढे निराधारचं अनुदान चालू ठेवायचं का, की स्वतःहून सोडायचं, हेही वकिलाशी बोलूनच ठरवा. घाबरून आज अर्ज देऊन बसू नका.

वकील म्हटल्यावर फीचा विचार आला असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय ठाण्याला, कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात आहे. दिघा महापालिकेने नवी मुंबईत असलं तरी तालुका ठाणेच, आणि दिघा गाव स्टेशन झाल्यापासून तुम्हाला ठाणं एका स्टेशनावर आलं आहे. नोटीस, पासबुक, आधार आणि हा मसुदा घेऊन जा. जाण्याआधी 15100 वर फोन केलास तरी चालेल. तिथे कोणी तुला पगारवाढीच्या जास्त रकमेच्या वसुलीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल दाखवेल, मोबाईलवरही फिरतो. तो सरकारी नोकरांचा आहे, आईला जसाच्या तसा लागू होत नाही. वापरायचा की नाही ते वकिलाला ठरवू दे.

27,000 चा हिशेब लेखी आला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. आईच्या मूळ अर्जाची आणि हमीपत्राची प्रतही त्यातच माग. तिने नेमकं काय लिहून दिलं आहे हे तुमच्या डोळ्यांसमोर हवं.

त्या 5,000 वाल्या गृहस्थांना दारातूनच परत पाठव. त्यांच्याकडे तुमची फाइल नाही. आणि खरंच आतल्या कोणाच्या वतीने मागत असतील तर ती लाच आहे, लाचलुचपत विभागाचा नंबर 1064. पैसे भरायची वेळ आली तर ते चलनाने भरायचे, किंवा कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेल्या सरकारी खात्यात. रोख नाही, कोणाच्या मोबाईल नंबरवर तर नाहीच. ‘तुमच्यावर केस झाली आहे, कॅमेऱ्यासमोर बसा’ असे फोन आले तर ठेवून दे आणि 1930 ला कळव. नोटीस आल्याची बातमी गल्लीत पसरली की असे फोन येतात.

शेजारच्या काकूंशी भांडू नकोस, सध्या तरी. त्यांनी तक्रार केली नसती तरी याद्या जुळवताना हे निघालंच असतं. आणि तुझं ते ‘चूक माझी आहे’. हो, त्या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यायला हवं होतं. पण दाखला 2021 चा आहे, याद्या दोन खात्यांच्या आहेत, टेबल दुसऱ्याच कोणाचं होतं. तुझ्या वाट्याचं एक टिक आहे. तेवढंच तू खुलाशात लिहिणार आहेस, त्याहून जास्त डोक्यावर घेऊ नकोस.

आईला उद्या एका घरी तरी पोळ्यांना जाऊ दे, जिथे तिला बरं वाटतं तिथे. चार खाडे झालेच आहेत, पाचव्याला पगार कापतील. तू तिला ऐरोलीला सोड आणि बारनिशीची वेळ गाठ. संध्याकाळी शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठव.

— तुझी मावशी